धाकट्या डब्याचा लाल दिवा

१

गिरीराज रणनवऱ्याच्या पहिल्या लेकीचं बारसं ज्या वर्षी श्रावणात झालं, त्याच वर्षीची ही खंडेनवमी. बारशाला येलहंक्याच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याची दोरी आजोबांनी, विश्वासरावांनी, ओढली होती. आता त्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीत विश्वासराव उताणे पडले होते. कपाळाला गंध, अंगावर धुतलेलं धोतर आणि डाव्या हातात विजेचा प्लग.

सब-इन्स्पेक्टर शालन घोरपडे जिना चढून वर आली. मूळची निपाणीकडची बाई. पोलिसात केस पिकले तरी वरच्या जागेवर गेली नाही, कारण साहेबांना हवं ते झटपट लिहून द्यायची सवय तिला लागली नाही. निघतानाही साहेब म्हणाले होते, "सणाचा दिवस आहे. म्हातारा माणूस, जुनं हृदयाचं दुखणं. लवकर आटोपा."

खोलीत शिरली आणि कुठं बघावं हेच तिला कळेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल, आणि टेबलावर अख्खा मुलूख. प्लॅस्टरचा नंदीचा डोंगर, पायथ्याला द्राक्षांचे मळे, मळ्यांतून वळत गेलेले बोटभर रुंदीचे रूळ, कौलारू स्टेशन, खांबांवर मोहरीएवढे दिवे. विश्वासरावांचा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला होता. निवृत्तीनंतर त्यांनी लहानपणी पाहिलेली छोट्या रुळांची लाईन इथं पुन्हा उभी केली होती. दिवे सगळे चालू होते. गावात सण होता, आणि गाव करणारा खाली फरशीवर पडला होता.

टेबलाच्या कडेला दोन लोखंडी डबे होते, एक थोरला आणि एक धाकटा. दोघांनाही झेंडूची माळ घातलेली. थोरल्याचा प्लग भिंतीत होता. धाकट्याचा विश्वासरावांच्या चिमटीत.

"हार्ट अटॅक आहे," गल्लीतले डॉक्टर म्हणाले. "आधीचे दोन स्टेंट आहेत."

"शॉक नाहीच बसला अप्पांना," गिरीराज म्हणाला. तो मारतहळ्ळीहून नुकताच पोचला होता. ऑफिसच्या गळपट्ट्याचं कार्ड अजून त्याच्या गळ्यात होतं. "करंटची गळती झाली की खालचा ट्रिपर पडतो. मी स्वतः बसवलाय तो, दरमहा तपासतो. आज पडलेला नाही. आणि हे डबे म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहेत मॅडम. घरातला दोनशेतीसचा करंट घेतात आणि सोळा व्होल्टचा करून देतात. थोरल्यावर दिवे नि सिग्नल. धाकट्यावर रुळांचा करंट. हा गोल खटका फिरवला की कमीजास्त होतो, गाडी पळते नाहीतर रांगते. सोळा व्होल्टनं माणूस मरत नाही."

दाराशी उभा असलेला माणूस हळू आवाजात बोलला. "शिवाय प्लग भिंतीतून काढलेला आहे. काढलेल्या प्लगात करंट कुठला?" हा विश्वासरावांचा भाचा बिंदुमाधव. के. आर. पुरमला राहायचा. विजेच्या कामांचे ठेके घ्यायचा.

म्हणणं बरोबर होतं दोघांचंही. शालन गुडघ्यावर बसली. डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर पांढुरका, टणक डाग होता. मग तिने उजवा हात उलटा केला. अनामिकेच्या टोकाला ओलं गंध वाळून बसलं होतं. तिने ते रुमालाने हलकेच पुसलं.

खाली काळ्या कडेचा, मसुराएवढा खड्डा होता.

डॉक्टर वाकून बघायला लागले. शालन मात्र दुसऱ्याच विचारात पडली. विजेची वस्तू कोणी चाचपली तर अंगठ्याने, पहिल्या बोटाने चाचपतो. अनामिका कोण पुढे करतं?

२

"गंध अनामिकेनंच लावायचं," सकवारबाई म्हणाल्या. "देवाला लावा नाहीतर डब्याला लावा."

सकवारबाई विश्वासरावांच्या थोरल्या बहीण आणि बिंदुमाधवच्या आई. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायच्या. प्रेत तपासणीला गेलं होतं. भावाच्या मुलाने आणि त्यांच्या मुलाने मिळून ते खाली उतरवलं होतं. आता स्वैपाकघरात चूल थंड होती आणि कोपऱ्यात सणाचा कोहळा न फोडताच पडला होता.

"अक्का, तुम्हीच पहिल्यांदा बघितलंत न्हवं?"

"हौदु, मीच. नारळ द्यायला वर गेले. सकाळी विसू सोवळं नेसून पूजेला बसला होता. दरवर्षीचं ठरलेलं आहे त्याचं. आयुधपूजेला दुकानवाले वजनकाटा पूजतात, रिक्षावाले रिक्षा पूजतात, हा आपले डबे पूजतो. गाडीला त्या दिवशी विश्रांती, म्हणून धाकट्या डब्याचा प्लग काढायचा. एक पिन डाव्या हातात धरायची, दुसरीला गंध लावायचं. मग माळ घालायची. थोरल्याचा प्लग नाही काढायचा. त्यानं दिवे जातात. सणाच्या दिवशी गाव अंधारात ठेवायचं नाही, असं म्हणायचा."

"हे असं करतात ते कुणाकुणाला ठाऊक?"

"घरच्यांना. गिरी लहानपणी वाटी धरून बसायचा. बिंदूसुद्धा. आता कुणाला वेळ आहे? काल संध्याकाळी बिंदू आला तेवढाच. विसूची पाठ वाकत नाही, म्हणून टेबलाखाली शिरून जळमटं काढून गेला बिचारा."

"मग आज सकाळी तुम्ही काय केलंत?"

"हाक मारली. उठेना. हात लावायला गेले तर..." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही हसाल."

"न्हाई हसत. बोला की."

"त्या धाकट्या डब्याला एक लाल दिवा आहे. प्लग भिंतीत असला की पेटतो, काढला की विझतो. त्याला आम्ही डब्याचा डोळा म्हणतो. विसूच्या हातात प्लग होता, बघा, मी या डोळ्यांनी बघितला. आणि डब्याचा डोळा उघडाच होता. लाल, टक लावून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, विसूचा जीव त्यात अडकलाय. मला भीती वाटली. भावाला हात लावायचं सोडून मी खाली पळाले."

"मग?"

"बिंदूला फोन केला. लगेच आला. म्हणाला, 'आई, तू डॉक्टरांकडे जा, मी बघतो.' मी डॉक्टरांना घेऊन परत आले तेव्हा डोळा मिटला होता. गिरीला सांगितलं, बिंदूला सांगितलं. दोघं म्हणाले, तुला भास झाला. झाला असेल." मग शालनकडे बघून म्हणाल्या, "झाला असेल ना?"

शालनने वही मिटली. तिच्या मनात वेगळंच अडकलं होतं. के. आर. पुरमहून येलहंक्याला सणाच्या गर्दीत लगेच येता येत नाही.

३

तपासणीचा कागद दुसऱ्या दिवशी आला. विजेचा धक्का. एका हातातून शिरून, छातीतून जाऊन, दुसऱ्या हातातून बाहेर.

"म्हणजे अपघात," साहेब म्हणाले. "लिहा आणि संपवा."

"करंट आला कुठनं, ते लिहायला लागेल की साहेब."

"म्हातारा विजेशी खेळत होता. येईल कुठूनही."

कुठूनही येत नव्हता, हीच तर अडचण होती. दहन झालं त्या संध्याकाळी शालन पुन्हा त्या घरी गेली. वर जाऊन तिने खोलीतली सगळी बटणं तपासून घेतली. कुठं उघडी तार नाही, कुठं जळल्याची खूण नाही. प्लगाच्या एका पिनेवर गंध होतं, दुसरी कोरी होती. मग ती टेबलाखाली शिरली. तिथं लाकडी फळीवर दोन्ही डब्यांच्या तारा येऊन मिळत होत्या, पण वेगवेगळ्या ओळीत. मध्ये चांगलं वीतभर अंतर. वरती पांढऱ्या रंगात विश्वासरावांनी रेघ मारून ठेवली होती, शेतातल्या बांधासारखी. सगळ्या स्क्रूंच्या डोक्यांवर जुनी धूळ आणि गंज होता. फक्त चार स्क्रू चकचकीत होते. दोन रेघेच्या अलीकडे, दोन पलीकडे.

खाली अंगणात गिरीराज पायरीवर बसला होता.

"तुमचं आणि वडिलांचं भांडण झालं होतं?" शालनने विचारलं.

"कोणी सांगितलं? आत्यानं?" तो कडवट हसला. "झालं होतं. मी म्हणालो, तुमची आगगाडी गुंडाळा आणि आमच्याकडे चला. बाळीला आजोबा पाहिजेत, तुम्हाला ती टेबलावरची टेकडी पाहिजे. ते म्हणाले, आधी एक काम उरकायचंय, मग बघू. पूजेलाही बोलावलं होतं त्यांनी. मी म्हणालो, स्वल्प काम आहे, अप्पा. थोडंसंच." तो तळहाताकडे बघत राहिला. "मॅडम, ट्रिपर पडला नाही हे मी सारखं सांगतोय, कारण तो बिघडला असेल तर अप्पांना मी मारलं. रात्रीपासून दहा वेळा तपासला. चांगला आहे. मग माझी बुद्धीच चालत नाही."

दोरीवर कपडे वाळत होते. प्रेताला हात लावलेल्यांनी आंघोळ केल्याशिवाय घरात कुणाला शिवायचं नाही, आणि त्यांच्या अंगावरचे कपडे बाहेरच बादलीत टाकायचे, हा रिवाज या घरात अजून काटेकोर होता. बिंदुमाधव दोरीपाशी उभा होता. वाळत घातलेल्या निळ्या शर्टाचा खिसा तो आतून बाहेर काढून बघत होता.

"काही हरवलं?" शालन म्हणाली.

"चिल्लर होती," तो म्हणाला. "आईनं धुताना सांडली असेल."

"काल सकाळी तुम्ही फार लवकर पोचलात म्हणे."

"इथंच चौकात होतो. कोहळा घ्यायला."

"के. आर. पुरमला कोहळे मिळत नाहीत?"

तो सौम्य हसला. "आईला इथल्या म्हातारीकडचाच लागतो. सरी, ठीक आहे मॅडम, तुम्ही विचारणारच. पण मामा माझे गुरू होते. तार कशी सोलायची तेसुद्धा मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांना मारून मला काय मिळणार? हे घर गिरीचं, ती टेकडी कुणाच्याच कामाची नाही."

तेही खरं होतं. शालन फाटकाकडे वळली, आणि फाटकाच्या गजांना धरून उभी असलेली एक तरुण मुलगी तिला दिसली. ती घराकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत शोक नव्हता. भीती होती.

४

मुलीचं नाव पवित्रा. ती कन्नडमध्ये बोलत होती, भराभर, कुणी हाकलून देईल अशा घाईने.

"मॅडम, राव सर गेले, आता माझ्या बापाचं काय?"

तिचा बाप शिवाप्पा. एके काळी रेल्वेत विश्वासरावांच्या हाताखाली खलाशी, म्हणजे मदतनीस होता. निवृत्तीनंतर शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्याच्या साईडिंगवर, म्हणजे कारखान्यात मालगाड्या नेणाऱ्या रुळावर, फाटकवाला म्हणून लागला. मागल्या उन्हाळ्यात त्या फाटकातून गारमेंटमध्ये शिवणकाम करणाऱ्या बायकांची व्हॅन जात असताना मालगाडी आली. तिघी जणी गेल्या. फाटक उघडं होतं आणि गाडीला सिग्नल हिरवा होता. कारखान्यानं सांगितलं, फाटक उघडं असताना सिग्नल हिरवा राहूच शकत नाही. दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. म्हणजे शिवाप्पानेच प्यायलेल्या अवस्थेत काहीतरी चाळा केला. तेव्हापासून शिवाप्पा तुरुंगात होता.

"माझा अप्पा आयुष्यात प्यायला नाही," पवित्रा म्हणाली. "तो एकच सांगतो, मी फाटक उघडलं तेव्हा हिरवा विझायला हवा होता, विझला नाही. कुणी ऐकत नाही. राव सरांनी ऐकलं. ते जाऊन बघून आले. म्हणाले, दसऱ्याची सुट्टी संपली की मी कोर्टात येतो, सगळं करून दाखवतो. त्यांनी तसंच फाटक इथं वर केलंय. मला चालवून दाखवलंय."

"मला दाखव."

टेकडीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं शालनचं लक्षही गेलं नव्हतं, एक तुकडा बाकीच्या गावापेक्षा वेगळा होता. मळे नाहीत, फुलं नाहीत. करडी भिंत, एक रूळ, एक फाटक, एक सिग्नल. फाटकाजवळ आगपेटीएवढी पांढरी व्हॅन. तिच्या खिडक्यांत तीन चेहरे रंगवलेले होते. शालनने ते बघितले आणि मान वळवली.

पवित्राने बोटाने फाटक उचललं. हिरवा दिवा विझला.

"असं व्हायला पाहिजे," ती म्हणाली. "आता हे बघा." तिने भिंतीमागचं एक बटण दाबलं आणि फाटक परत उचललं. या वेळी हिरवा तसाच पेटत राहिला. किंचित मंद, पण हिरवा.

"हे कसं?"

"सर म्हणायचे, तिथं दोन वेगवेगळे करंट होते. एक सिग्नलचा, एक भोंग्याचा. ते कधीच एकत्र यायचे नसतात. ज्यानं काम केलं त्यानं तार वाचवायला दोन्ही एकाच जागी बांधून टाकले. त्यामुळं फाटकानं सिग्नलचा करंट तोडला तरी भोंग्याकडून तो उलटा येतो. पुढच्या दाराला कुलूप घातलं, आणि चोर मागच्या दारानं आत आला."

शालन त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. विझायला पाहिजे आणि विझत नाही अशा दिव्याबद्दल या दोन दिवसांत ती दुसऱ्यांदा ऐकत होती.

"काम कुणी केलं होतं त्या साईडिंगचं?"

"कारखान्याच्या कागदावर मोठ्या कंपनीचं नाव आहे. त्यांनी हाताखालच्या कुणाला तरी दिलं. सरांना नाव कळलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, 'बाळ, त्याने स्वतः येऊन कबूल करावं. मी दसऱ्यापर्यंत वाट बघतो. नाही आला तर मीच सांगतो.' बोलताना त्यांना रडू आलं होतं, मॅडम. परक्या माणसासाठी कोण रडतं?"

५

"गिरीराज, हा डबा उलटा चालतो का?" शालनने विचारलं.

"उलटा म्हणजे?"

"दोनशेतीस घातले की सोळा निघतात. सोळा घातले तर?"

गिरीराजने दोन्ही डब्यांकडे बघितलं. मग तो स्टुलावर बसला. "दोनशेतीस," तो म्हणाला. "तेवढेच निघतात. डब्याला काय, करंट कुठून आला नि कुठं चालला याच्याशी देणंघेणं नसतं."

"मग करून दाखवा. माझ्यासमोर."

त्याने तारेचे दोन तुकडे घेतले. टेबलाखाली जाऊन पांढऱ्या रेघेच्या अलीकडचा स्क्रू पलीकडच्याला जोडला, मग दुसरा. मग थोरल्याचा प्लग भिंतीत घातला. धाकट्याचा प्लग लाकडी फळीवर मोकळा ठेवला, भिंतीपासून हातभर लांब.

धाकट्या डब्याचा लाल दिवा पेटला.

गिरीराजने देवघरातला झिरोचा बल्ब आणला होता. त्याच्या दोन तारा लाकडी चिमट्याने त्याने मोकळ्या प्लगाच्या दोन पिनांना टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला. कुठंही न खोचलेल्या प्लगावर.

"आत्याला भास नव्हता झाला," तो म्हणाला.

"आणि तुमचा ट्रिपर?"

त्याने खाली जाऊन बघितलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पडला नाही. पडणारच नाही. घरातला करंट जमिनीकडे गळाला तर तो ओळखतो. हा करंट डब्यातून जन्मतो आणि एका पिनेतून दुसऱ्या पिनेत जातो. अप्पांच्या एका हातातून दुसऱ्या हातात. घराला पत्ताच लागत नाही." मग तो म्हणाला, "उलटसुलट जोडलं असतं तर डबे गुणगुणतात, तापतात. अप्पांना कळलं असतं. ज्यानं जोडलं त्याला यातली तार न् तार माहीत होती."

"आणि पूजा कशी करतात तेही."

"मलासुद्धा दोन्ही माहीत आहे, मॅडम."

"ठाऊक आहे मला," शालन म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साईडिंगच्या कामाचा हाताखालचा ठेका कुणाचा होता हे शोधायला तिने हवालदाराला पाठवलं होतं. तिने नाव ऐकलं. दोनदा विचारून घेतलं. मग खाली अंगणात बघितलं, जिथं सकवारबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

६

तिसऱ्या दिवशीची राख सावडून घरची माणसं परत आली तेव्हा शालनने सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. गिरीराज, बिंदुमाधव, सकवारबाई. दाराबाहेर पवित्रा. सकवारबाईंना बसायला स्टूल दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

"विश्वासरावांचा खून झाला," शालन म्हणाली. "खुन्याला दोन गोष्टी ठाऊक असायला हव्या होत्या. एक, हे डबे कसे चालतात. दुसरी, खंडेनवमीला ते धाकट्याचा प्लग काढतात, थोरल्याचा नाही, आणि दोन्ही हात दोन पिनांना लावतात. अशी माणसं दोनच, मुलगा आणि भाचा. मुलगा बारशानंतर परवापर्यंत या खोलीत आला नव्हता, अक्कांना विचारलंय. टेबलाखाली कोण शिरलं होतं, बिंदुमाधव?"

"जळमटं काढायला मी शिरलो होतो," तो शांतपणे म्हणाला. "लपवतोय कुठं? आणि मॅडम, दोन्ही डबे जोडलेले असतील तर त्याचं कारण सोपं आहे. मामांना कोर्टात हेच दाखवायचं होतं, करंट उलटा कसा येतो ते. त्यांनी स्वतः जोडून बघितलं असेल आणि विसरले असतील. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मामांची चूक झाली, एवढंच."

गिरीराजने मान खाली घातली. ऐकायला ते पटण्यासारखं होतं. साहेबांनाही पटलं असतं.

"हे मीसुद्धा धरून बघितलं," शालन म्हणाली. "पण मग त्या तारा गेल्या कुठं? विश्वासराव विसरले असते तर तारा अजून तिथंच असायला हव्यात. अक्कांनी बघितलं तेव्हा लाल दिवा पेटलेला होता, म्हणजे तारा होत्या. डॉक्टरांना घेऊन त्या परत आल्या तेव्हा दिवा विझला होता, म्हणजे तारा नव्हत्या. मेलेला माणूस उठून स्क्रू सोडवत नाही. मधल्या वेळात या खोलीत एकच जिवंत माणूस होता. तो के. आर. पुरमचा, पण कोहळ्यासाठी चौकात थांबलेला."

"आईला भास झाला होता," बिंदुमाधव म्हणाला. "तिची दृष्टी अधू आहे. कोर्टात कोण मानणार? आणि कारण काय माझ्याकडे?"

"तीन बायका. त्या साईडिंगची वायरिंग तुमची. मामांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. तुम्ही कबूल केलं नाही तर ते स्वतः बोलणार होते. शिवाप्पा सुटला असता आणि त्याच्या जागी तुम्ही गेला असतात."

"पुरावा?"

शालनकडे पुरावा नव्हता. चार चकचकीत स्क्रू होते आणि एका म्हातारीचा लाल डोळा. साहेब एका दमात फाडून टाकतील, हे तिला दिसत होतं. बिंदुमाधवलाही दिसत होतं. पवित्राने दाराची चौकट घट्ट धरली होती.

"बिंदू," सकवारबाई म्हणाल्या.

"आई, तू खाली जा. तुला त्रास होईल."

"त्या दिवशीसुद्धा असंच म्हणालास. आई, तू डॉक्टरांकडे जा." त्यांनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून पानसुपारीचा छोटा डबा काढला. "आंघोळीला गेलास आणि कपडे बादलीत टाकलेस. तुला वाटलं, आंघोळ करून येऊन खिसा बघू. मी तेवढ्यात भिजवले. खिशात टोचलं म्हणून हात घातला. मग तू येऊन विचारलंस, खिशात काही होतं का. मी म्हणाले, काही नव्हतं. का म्हणाले ते मलाच कळलं नाही. परत संध्याकाळी विचारलंस. चिल्लर म्हणालास. चिल्लर हरवली म्हणून तू कधी घरात कुणाला दोनदा विचारलेलं मला आठवत नाही."

त्यांनी डबा टेबलावर, त्या करड्या फाटकाजवळ, उपडा केला. निळ्या तारेचे वेटोळे केलेले दोन तुकडे, वितीपेक्षा थोडे लांब. टोकांची तांब्याची तार स्क्रूभोवती वळवतात तशी गोल वळवलेली.

"विसू कधी निळी तार वापरायचा नाही," गिरीराज हळूच म्हणाला. "अप्पांच्या सगळ्या तारा लाल आणि काळ्या." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की त्याने वडिलांना आत्याच्या हाकेने हाक मारली होती.

"आई, तुला कळतंय का तू काय करतेयस?" बिंदुमाधवचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"साकू, बिंदू. पुरे झालं," सकवारबाई म्हणाल्या. "परवापासून या तारा उशाखाली घेऊन निजतेय. रोज वाटायचं, चुलीत टाकू. तांबं जळत नाही. मग काल ही पोरगी फाटकाशी उभी दिसली. हिचा बाप जिवंत आहे, बिंदू. माझा भाऊ नाही." मग त्या शालनकडे वळल्या. "मुदत विसूनं दिली होती हे मला ठाऊक होतं. जिन्यावरून ऐकलं होतं. मी विसूला म्हणाले, पोराला सांभाळून घे. तो म्हणाला, अक्का, मी सांभाळूनच घेतोय, म्हणून तर थांबलोय."

बिंदुमाधव खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पुढे त्याने जे काही सांगितलं ते ठाण्यात सांगितलं. हातात बेड्या नव्हत्या, तरी जिना उतरताना त्याने हात पुढे धरले होते. टेकडीवरचे दिवे चालूच होते. जाताना सकवारबाईंनी थोरल्या डब्याचा प्लग भिंतीतून काढला आणि गाव अंधारात गेलं.

शिवाप्पा दिवाळीच्या आधी सुटून आला. कोर्टात ते फाटक गिरीराजने चालवून दाखवलं. न्यायाधीशांनी ते परत करून दाखवायला सांगितलं आणि बराच वेळ त्या पांढऱ्या व्हॅनकडे बघत बसले. बिंदुमाधवला जन्मठेप झाली, पण ते पुष्कळ पुढचं. सकवारबाई त्याला भेटायला एकदाही गेल्या नाहीत. त्याच्या आवडीचे लाडू करून त्या डब्यात भरायच्या आणि कुणाला तरी द्यायला सांगायच्या. कुणाला ते सांगायच्या नाहीत.

विश्वासराव रणनवरे त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी, पूजा अर्ध्यावर असताना वारले. सकवारबाई त्याच वर्षी मार्गशीर्षात, गुरुवारी दुपारी, झोपेत वारल्या. अग्नी गिरीराजने दिला. खांदा देणाऱ्यांत शिवाप्पा होता.